सी ड्राइव्ह भरलाय. टेम्पररी फाइल्स उडवल्या तर सोसायटीचे हिशेब जातील का?

खजिनदार_बोरिवली
नमस्कार. घरचा लॅपटॉप, विंडोज ११, १२८ जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारा नव्या प्रकारचा ड्राइव्ह). सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली आहे, एक्सेल उघडायला फार वेळ लागतो आणि अपडेट मध्येच अडकतं. याच लॅपटॉपवर आमच्या सोसायटीचे सगळे हिशेब आहेत: मेंटेनन्सची बिलं, थकबाकी, सिंकिंग फंड. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा व्हायला हवी, त्यामुळे आत्ता काही बिघडून चालणार नाही. स्टेशनजवळचा दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारून घ्या. मुलगा म्हणतो, टेम्पररी फाइल्स उडव. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथवर मी पोचले, पण तिथली यादी बघून हात आखडला. काय उडवू आणि काय ठेवू? ऑडिटरने आउटलूकवर पाठवलेली एक्सेल मी मेलमधूनच उघडते, त्यातच आकडे भरते आणि सेव्ह करते. ती फाइल डॉक्युमेंट्समध्ये मात्र दिसत नाही.

लॅमिंग्टन_रोडवाला
ताई, आधी ती ऑडिटरची फाइल. बाकी सगळं नंतर.

मेलमधून थेट उघडलेली अटॅचमेंट आउटलूक एका लपलेल्या टेम्पररी फोल्डरात ठेवतं. झिप फाइलमध्ये डबल क्लिक करून उघडलेल्या फाइलचंही तेच. तिथे सेव्ह केलेलं काम साफसफाईत जाऊ शकतं. एक्सेल उघडा, अलीकडच्या फाइल्सच्या यादीतून ती उघडा आणि 'सेव्ह अ‍ॅज' करून डॉक्युमेंट्समध्ये ठेवा. पेनड्राइव्हवरही एक प्रत घ्या. मगच पुढे जा.

मी दुरुस्तीचं काम करतो. सफाई केल्यावर 'तेवढी एक फाइल काढून द्या' म्हणत लोक डोळ्यांत पाणी घेऊन येतात. जुन्या हार्ड डिस्कमधून बऱ्याचदा काहीतरी निघायचं. एसएसडीत ट्रिम नावाची सोय असते. फाइल उडवली की विंडोज ड्राइव्हला ती जागा मोकळी झाल्याचं कळवतं आणि ड्राइव्ह ती आतून पुसून टाकतो. मग आमच्याही हातात काही राहत नाही.

आता यादी. 'डाउनलोड्स' समोर टिक असेल तर काढा, त्यात तुमच्या पावत्या असतील. रिसायकल बिन आधी उघडून बघा. थंबनेल्स, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन, डायरेक्टएक्स शेडर कॅशे खुशाल उडवा, लागेल तसं विंडोज ते पुन्हा तयार करतं. 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' दिसलं तर त्यात कित्येक जीबी अडकलेले असतात. जुन्या आवृत्तीवर परत जायचं नसेल तर तेही काढा. फॉरमॅटची गरज मला तरी दिसत नाही.

अंधेरी_पूर्व
वरच्याशी सहमत. थोडी भर घालतो. आधी रीस्टार्ट करा, म्हणजे उघड्या प्रोग्रॅमनी धरून ठेवलेल्या फाइल्स सुटतात. क्रोम वापरत असाल तर त्याचा कॅशे, म्हणजे साइट्स लवकर उघडाव्यात म्हणून साठवलेल्या फाइल्स, क्रोममधूनच काढावा लागतो. तिथे फक्त 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स'वर टिक ठेवा. कुकीज काढल्या तर सगळीकडे पुन्हा लॉगिन करावं लागेल. आणि सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात विनएसएक्सएस नावाचं मोठं फोल्डर दिसेल, त्यात विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स असतात, ते हाताने कधीही उडवू नका. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारी फुकट सॉफ्टवेअर्सही नकोत, त्यांनी जागा सुटत नाही.

खजिनदार_बोरिवली
दोघांचेही मनापासून आभार. ऑडिटरची फाइल सापडली! थकबाकीचे सगळे आकडे त्यातच होते. डॉक्युमेंट्समध्ये आणि पेनड्राइव्हवर घेतली, मग सफाई केली. जुनं विंडोज सर्वात मोठं निघालं. पट्टी आता निळी आहे. तिथेच 'स्टोरेज सेन्स' दिसतं, ते चालू करू का?

लॅमिंग्टन_रोडवाला
करा, ते अशी सफाई आपोआप करतं, पण आत जाऊन दोन गोष्टी बघा. डाउनलोड्ससमोर 'नेव्हर' असू द्या. रिसायकल बिनसाठी ३० दिवस ठीक आहेत. वनड्राइव्ह वापरत असाल तर त्याचा पर्याय खाली वेगळा आहे. तो फाइल्स फक्त क्लाउडवर ठेवून लॅपटॉपवरची जागा सोडवतो, मग नेट नसताना त्या उघडत नाहीत. सभेच्या दिवशी हॉलमध्ये नेट नसेल, तर हिशेबाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस' आदल्या रात्रीच करून ठेवा.