बिल्ड स्क्रिप्टमध्ये फोल्डरच्या लिंका ठेवाव्यात की काढाव्यात?

सरळरेषा: ज्या बिल्ड स्क्रिप्टला (सोर्स कोडपासून प्रोग्रॅम तयार करणाऱ्या स्क्रिप्टला) लिनक्स, मॅक आणि विंडोज तिन्हीकडे चालायचंय, तिने फोल्डरची लिंक बनवूच नये. सरळ कॉपी करावी. विंडोजवर सिमलिंकसाठी, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे किंवा फोल्डरकडे नेणाऱ्या लिंकसाठी, अ‍ॅडमिनचे हक्क तरी लागतात, नाहीतर डेव्हलपर मोड तरी. गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलमध्ये) सिमलिंक बंद असेल तर लिंकच्या जागी नुसता पाथ लिहिलेली टेक्स्ट फाइल उतरते आणि नवा माणूस पहिल्याच बिल्डला अडकतो.

काटकोन: साफ अमान्य. कॉपी केली की मूळ फाइल दुरुस्त होते आणि बिल्ड जुनीच फाइल उचलतं. असा बग शोधताना माणूस रडकुंडीला येतो. फोल्डरसाठी विंडोज २००० पासून जंक्शन ही फोल्डरपुरती वेगळी लिंक आहे, त्याला खास हक्क लागत नाहीत. नोडमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या टूलमध्ये, सिमलिंक बनवताना 'जंक्शन' हा प्रकार दिला की विंडोजवर जंक्शन बनतं. बाकीच्या सिस्टिम तो शब्द सोडून देतात आणि साधी सिमलिंक करतात. एका ओळीत काम.

सरळरेषा: बनवणं सोपं आहे हो, पुसायचं काय? पायथनमध्ये 'ही लिंक आहे का' हे तपासणारं 'इजलिंक' जंक्शनला लिंक मानत नाही. जंक्शन ओळखणारं 'इजजंक्शन' आलं ते थेट पायथन ३.१२ मध्ये. त्याआधीच्या एखाद्या घरगुती 'क्लीन' स्क्रिप्टने (जुन्या बिल्डच्या फाइली पुसणाऱ्या) लिंक आहे का एवढंच तपासलं, तर ती जंक्शनमधून आत शिरून मूळ सोर्स पुसेल. शिवाय जंक्शनमध्ये पूर्ण पाथ असतो. प्रोजेक्ट हलवला की ते जुन्याच जागेकडे बघत राहतं.

काटकोन: पुसण्याचा धोका खरा आहे. म्हणूनच क्लीनची पहिली पायरी ठरलेली हवी: आरएमडिर ही फोल्डर पुसायची विंडोजची कमांड, पण आतलं सगळं पुसणारा '/एस' न लावता. त्याने फक्त लिंक जाते, आतलं सगळं शाबूत राहतं. पाथचा प्रश्न मला मोठा वाटत नाही. लिंक रिपॉझिटरीत ठेवायचीच नाही, दर बिल्डला नवी करायची. आणि सगळा दोष विंडोजच्या माथी का? लिनक्सवर लिंक बनवायची 'एलएन -एसएफ' ही कमांड फोल्डरच्या लिंकवर दुसऱ्यांदा चालवा: लिंक बदलत नाही, ज्या फोल्डरकडे ती जाते त्याच्या आत आणखी एक लिंक तयार होते. '-एन' लावायला हवं, आणि ते कितीतरी स्क्रिप्टांत नसतं.

हेडरफाइल: पण लिंक हवीच कशाला? कंपायलरला इन्क्लूड पाथ, म्हणजे फाइली कुठे शोधायच्या तो पत्ता, देता येतो. बऱ्याच लिंका तो द्यायचा कंटाळा केल्यामुळे जन्मतात. मला खरी भीती गुपचूप होणाऱ्या कॉपीची वाटते. गिट बॅशमधलं (विंडोजवर लिनक्ससारख्या कमांड चालवणाऱ्या शेलमधलं) 'एलएन -एस' मुळात लिंक करतच नाही, कॉपी करतं, आणि एररही देत नाही. 'एमएसवायएस' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये 'विनसिमलिंक्स:नेटिव्हस्ट्रिक्ट' ठेवलं तर निदान लिंक जमली नाही की स्क्रिप्ट तिथेच पडते.

काटकोन: पाथ देता येतो तिथे लिंक नको, हे पटलं. पण काही टूल ठरावीक नावाच्या फोल्डरवरच अडून बसतात. तिथे मी जंक्शनच वापरणार.

सरळरेषा: आणि मी तिथेही कॉपीच करणार, पण उघडपणे: दर बिल्डला, फक्त बदललेल्या फाइली, लॉगमध्ये नोंद करून. क्लीन चुकलं तरी सोर्स वाचतो. माझ्यासाठी ते जास्त मोलाचं आहे.