बांधाचं भांडण आणि ऊस पेटवायची धमकी

नमस्कार मंडळी, जरा वेगळा विषय आहे, चालवून घ्या. करवीर तालुक्यात आमचा थोडा ऊस आहे, बाबा एकटेच बघतात. शेजाऱ्यानं बांध कोरला म्हणून त्यांनी मोजणी मागवली, तर तो आधी तोंडावर "बघून घेतो" म्हणाला आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज टाकला की मोजणी मागं घे, न्हाईतर ऊस पेटवतो. पोलीस म्हणाले एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद होईल. एवढी सरळ धमकी आणि गुन्हा दाखल नाही?

---

ताई, इकडं यायच्या आधी मी कोल्हापुरात वकिली करायचो म्हणून सांगतो. "बघून घेतो" सोडून द्या, ते आमच्या पेठेत रोजचंच, संध्याकाळी तीच माणसं एका टेबलावर मिसळ खातात. सुप्रीम कोर्टानं पण २०१५ साली माणिक तनेजा केसमध्ये म्हटलंय की नुसते शब्द पुरत नाहीत, समोरच्याला घाबरवायचा हेतू दिसला पाहिजे.

व्हॉइस मेसेजचं मात्र तसं नाही. हक्काची मोजणी मागं घ्यावी म्हणून धाक दाखवणं म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१, जुन्या आयपीसीचं ५०३ आणि ५०६. साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत, पण जिवे मारायची, जबर दुखापतीची किंवा आग लावून मालमत्ता नष्ट करायची धमकी असेल तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणून अर्जात नुसतं "धमकी दिली" नको, त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहा, ऊस पेटवतो हे शब्द आलेच पाहिजेत.

पोलीस अगदीच चूक नाहीत, गुन्हा अदखलपात्र आहे, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय त्यांना तपास करता येत नाही. एनसीची कॉपी घ्या आणि कोर्टात अर्ज टाका. सोबत नागरिक सुरक्षा संहितेच्या १२६ खाली चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखायची हमी घ्यायची कारवाई करा म्हणून पोलिसांच्या मागं लागा, वर्षभरासाठी शांततेचा बाँड लिहून द्यायची वेळ आली की भलेभले गप होतात.

---

एवढं कशाला, गावातली चार पोरं पाठवून दम द्यायचा की!

---

भावा, पोरं गेली की तेच ३५१ बाबांच्या गळ्यात, आणि समोरच्याला आयती क्रॉस कंप्लेंट मिळते. तसलं काही नको.

---

थँक्यू दादा. बाबा तो मेसेज डिलीट करणार होते, फोनची मेमरी भरली म्हणून!

---

अजिबात नको! फॉरवर्ड केलेल्यावर पण विसंबू नका, मूळ फोन तसाच ठेवा. कोर्टात साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं सर्टिफिकेट लागेल, ते वकील करून देतील. आणि मोजणीची तारीख अजिबात पुढं ढकलू नका.