आईला अंजिराच्या बागेत न्यायचंय: सासवडकडच्या घरगुती शेत-दुकानात कधी आणि कसं जावं?

कोथरूडची लेक:

नमस्कार मंडळी. माझी आई ७६ वर्षांची. तिचं माहेर सासवडच्या अलीकडचं. जमीन वाटण्यांत गेली, घरही गेलं, त्यामुळे वीसेक वर्षांत तिचं तिकडे जाणं झालेलं नाही. परवा मी मंडईतून अंजिरं आणली. आईने एक अर्धं खाल्लं आणि ताटली बाजूला सारली. म्हणाली, "झाडावर पिकलेलं नाही हे." तेव्हापासून माझ्या मनाने घेतलंय की तिला एकदा बागेतलं अंजीर खाऊ घालायचंच.

गेल्या वर्षी सासवड रस्त्यावरच्याच एका दुकानातून 'थेट शेतातून' अशी पाटी वाचून जाम आणला होता. लालभडक होता. घरी आल्यावर चष्मा लावून बाटली वाचली, तर रंगही होता आणि इसेन्सही. म्हणून या वेळी जिथे घरचीच माणसं पिकवतात, करतात आणि विकतात अशा ठिकाणी जायचंय.

मार्चचा दुसरा रविवार धरलाय. आईचे गुडघे दुखतात, बरोबर माझी दोन मुलं असतील. बागेत फिरू देतात का? आणि नाशिकच्या बहिणीसाठी काय घ्यावं, जे तिथवर टिकेल?

हडपसरकर:

दिवे घाटाने जाणार असाल तर सातच्या आत हडपसर ओलांडा. कोथरूडहून तुम्हाला कोंढव्यावरून बोपदेव घाट जवळ पडेल, पण त्याची वळणं जास्त आहेत. आईंना गाडी लागत असेल तर दिवे घाटच बरा. वर चढताना मस्तानी तलाव दिसतो, मुलांना दाखवा.

पडवीतलं दुकान:

ताई, आमची दिवे गावाच्या पुढे दोन एकर अंजीर आणि एक एकर सीताफळाची बाग आहे. दुकान घराच्या पडवीतच. एक लांब टेबल, वजनकाटा आणि मागे दोन फ्रीज, एवढंच. सासूबाई पैशाचं बघतात, जाऊबाई जाम आणि रबडी करतात, तोडणी आणि गिऱ्हाईक माझ्याकडे. दुकानाचं नाव इथे देत नाही, जाहिरात वाटायला नको. दिवे ते सासवड रस्त्यावर अशी घरं बरीच सापडतील.

माझं ऐकाल तर रविवार आधी धरून ठेवू नका. आदल्या संध्याकाळी फोन करा आणि "उद्या तोड आहे का?" एवढंच विचारा. आहे म्हणाले तर नवाच्या आत पोचा. नाही म्हणाले तर दुसऱ्या दिवशी जा, मग तो मंगळवार असला तरी चालेल.

तुमच्या आईंची जीभ अगदी बरोबर आहे. अंजीर जरा आधी तोडलं तर घरात मऊ पडतं, पण त्याची गोडी वाढत नाही. जी काय गोडी यायची ती झाडावरच येते. आणि पूर्ण पिकलेलं फळ इतकं नाजूक असतं की पाटीत वरच्या थराच्या भारानेच फुटतं. म्हणून मंडईत पाठवायचं फळ आम्हीसुद्धा थोडं टणक असतानाच तोडतो, पाटीत अंजिराचीच पानं घालून त्यावर लावतो. त्याला इलाज नाही. पण जे फळ खरं पिकलंय ते गाडीत चढतच नाही, ते पडवीतल्या टेबलावर येतं. बागेपर्यंत यायचं ते याच फळासाठी.

पिकलेलं कसं ओळखायचं ते मुलांना दाखवा. कच्चं फळ फांदीवर ताठ उभं असतं. पिकायला लागलं की देठाशी मान टाकतं आणि खाली लोंबतं. सालीवर जांभळट झाक येते, बारीक उभ्या चिरा पडतात, आणि खालच्या डोळ्याशी कधी कधी मधाचा थेंब असावा तसा रस दिसतो. ते फळ त्याच दिवशी खायचं. फार तर फ्रीजमध्ये दोन दिवस.

बागेत आम्ही फिरू देतो, पण मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. देठ मोडला की पांढरा चीक येतो, आणि पानं इतकी खरखरीत असतात की उघड्या हाताला तासाभरात खाज सुटते. आम्ही बायका पहाटे नवऱ्याचे जुने फुलशर्ट अंगावर चढवून आणि बोटांना खोबरेल चोळून तोडायला जातो. आईंना बागेच्या आत नेऊ नका, सऱ्यांतून पाय वाकडा पडतो. बांधाजवळच्या झाडाखाली खुर्ची टाकून मागा, कुणीही देईल.

मार्च तुम्ही बरोबर निवडलाय. इथे खट्टा आणि मीठा असे दोन बहार धरतात. उन्हाळ्यात येतो तो मीठा, आणि नावासारखाच गोड असतो. आमच्या पुरंदर तालुक्याच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून गिऱ्हाईक नाव घेऊन विचारायला लागलं याचा आम्हाला फार आनंद आहे. पण त्या नावाखाली काहीही खपवतात त्याचा त्रासही आम्हालाच होतो.

जामचं म्हणाल तर रंग बघा. अंजिराचा गर साखरेबरोबर आटला की तपकिरी होतो, पिकल्या चिंचेसारखा, आणि चमच्यावर बिया दिसतात. लालभडक अंजीर जाम होतच नाही. आमच्या जाऊबाई गर, साखर आणि लिंबू याशिवाय काही घालत नाहीत, आणि करताना कुणी बघायला आलं तर तिला आवडतं. जिथे जाल तिथे विचारा, "कुठे शिजवता?" घरचं असेल तर चुलीपर्यंत नेतील.

बहिणीला जामच न्या. तो नाशिकपर्यंत काय, महिनाभर टिकेल.

कोथरूडची लेक:

किती मनापासून लिहिलंत! दोन गोष्टी विचारते. सीताफळ रबडी मार्चमध्ये मिळेल का? आणि रस्त्यावर 'पुरंदरची सुकी अंजिरं' म्हणून माळा दिसतात, त्या घ्याव्यात का?

पडवीतलं दुकान:

सीताफळाचा हंगाम पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंतचा. मार्चमध्ये झाडावर फळ नसतं, पण गर काढून गोठवून ठेवलेला असतो. त्याची रबडी चांगली होते, मात्र एक ध्यानात ठेवा. सीताफळाचा गर उकळला की कडू होतो. म्हणून दूध आटवून, पूर्ण गार करून मगच गर मिसळायचा. आमच्याकडे पातेलं रात्री झाकून ठेवतात आणि गर पहाटे घालतात. कुठे रबडी खाल्ल्यावर घशाशी कडवट लागलं तर समजा, गरम दुधातच गर ओतलाय.

माळांबद्दल सांगायचं तर इथलं अंजीर मुख्यतः ताजंच खाल्लं जातं. दोऱ्यात ओवलेलं चपटं अंजीर बहुतेक अफगाणिस्तानातून आलेलं असतं. ते वाईट नाही, आम्हीही दिवाळीला आणतो. पण पुरंदरचं म्हणून पैसे मोजू नका. इथेही काही जण थोडं सुकवतात, तर सरळ विचारा, "कुठे वाळवलं?" ज्याने वाळवलंय तो जागा दाखवेल.

निवृत्त मास्तर:

सासवडला सोपानकाकांच्या समाधीला जाऊन या. कऱ्हा नदीच्या काठावर आहे. तुमच्या आईंना माहेरच्या आठवणी असतीलच. आणि सुटे पैसे जवळ ठेवा, बागेत मोबाइलला रेंज नसली की पैसे पाठवता येत नाहीत.

कोथरूडची लेक:

जाऊन आलो. रविवारी तोड नव्हती, म्हणून मुलांची शाळा बुडवून बुधवारी गेलो. पावणेनऊला पोचलो. (तुमच्याकडेच आलो की नाही ते सांगत नाही ताई, ओळखलं असेल तर ओळखलं असेल.)

आईला बांधावर खुर्ची दिली. तिथल्या आजी एका स्टीलच्या ताटलीत पाच अंजिरं घेऊन आल्या. आईने त्यातलं एक उचललं, सुरी मागितली नाही. देठाकडून दोन्ही अंगठ्यांनी हलकेच फाकवलं, आत गुलाबी गर होता, आणि अर्धं माझ्या धाकट्याच्या तोंडात घातलं. उरलेलं तिने खाल्लं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग त्या आजींना विचारलं, "तुमचं माहेर कुठलं?" आणि दोघींची जी गावांची, विहिरींची, कोण कुणाच्या घरात दिली याची उजळणी सुरू झाली, ती साडेदहा वाजेपर्यंत. त्या आजी माझ्या मामीच्या आत्याच्या गावच्या निघाल्या.

मोठ्याने चीक लावून घेतलाच. खोबरेल तेल तिथेच मिळालं.

जामच्या चार बाटल्या घेतल्या, दोन नाशिकला, एक शेजारी. रंग चिंचेसारखाच आहे. रबडी तिथेच संपली. निघताना आईने पदरात काहीतरी बांधलं होतं, गाडीत बसल्यावर बघितलं तर अंजिराची दोन पानं होती. ती आता तिच्या पोथीत आहेत.

एप्रिलमध्ये तोड कधीपर्यंत चालेल? आई पुन्हा जायचं म्हणतेय, आणि या वेळी तिला मावशीलाही न्यायचंय.