दुसरं सत्र सुरू झालंय, आता एखाद्या क्लबात शिरायला उशीर झालाय का?

शेवटची_बस

नमस्कार मंडळी. विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. अभ्यासाचं बरं चाललंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण तास संपला की मी थेट बसस्टॉपवर. घर लांब आहे, जाऊन-येऊन रोज तीन तास मोडतात आणि शेवटची बस रात्री आठची.

सुरुवातीच्या आठवड्यात सगळ्या क्लबांची टेबलं मांडली होती, तेव्हा दिसेल तिथे नाव लिहिलं. त्याचं फलित म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर डझनभर ग्रुप, सगळे म्यूट. नाटकाची ऑडिशन दिली, निवड झाली नाही. वादविवादाच्या बैठकीला गेले तर सगळे एकमेकांना आधीपासून ओळखणारे, त्यांचेच विनोद, त्यांचंच हसणं. मागच्या बाकावर बसून परत आले.

आता वाटतं की ज्यांना शिरायचं होतं ते शिरले आणि दार बंद झालं. मला गाता येत नाही, खेळात यथातथा, स्टेजवर बोलायची भीती. अशा माणसाने वर्गाबाहेर नेमकं करायचं काय? आईबाबांचं मत अर्थातच ‘आधी अभ्यास’.

पुढे_बघा

जास्त विचार करू नको. दोन-तीन ठिकाणी सभासद हो, एखादं प्रमाणपत्र घे, सीव्हीवर ओळ येते. मुलाखतीत ‘अभ्यासाव्यतिरिक्त काय केलं’ हे विचारतातच.

दिवेवाला

@पुढे_बघा, विचारतात हे खरं. पण त्याच्या पुढचा प्रश्न असतो, ‘म्हणजे तुम्ही स्वतः काय केलंत?’ तिथे नुसत्या सभासदत्वाची बोबडी वळते. असो.

शेवटची_बस, उशीर कसला, उलट हीच वेळ आहे. का ते सांगतो, थोडं लांबेल.

मी पदार्थविज्ञान शिकलो आणि विद्यापीठात होतो तोवर नाट्यमंडळाचे दिवे लावले. रंगमंचावर कधी एक वाक्य बोललो नाही. ऑडिशन दिली नाही, आताही कोणी धरून नेलं तरी देणार नाही. पण ज्यांना आज रात्री-अपरात्री फोन करू शकतो अशी माझी बहुतेक माणसं मला वर्गात नाही, शिडीच्या पायथ्याशी भेटली. ती शिडी धरून उभी असायची आणि मी वर लोंबकळत दिवा फिरवत असायचो.

कुठलंही विद्यार्थी मंडळ आतून बघ. यादीत भरमसाट नावं, ग्रुपवर त्याहून जास्त आणि प्रत्यक्ष राबणारी पाच-सात टाळकी. ही टाळकी बहुतेक शेवटच्या वर्षाची. वर्ष संपलं की ती जाणार. त्यामुळे दुसरं सत्र चढायला लागलं की त्यांच्या पोटात गोळा येतो. हिशेबाची वही कोणाच्या गळ्यात घालायची? सभागृहाच्या अर्जावर कोणाची सही कुठे लागते हे कोणाला शिकवायचं? कपाटाची किल्ली कोणाकडे द्यायची? पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडे माणसांचा पूर असतो आणि त्यातलं कोण टिकेल हे ओळखायची काही सोय नसते. आता पूर ओसरलेला असतो. अशा वेळी कोणी आपणहून ‘काही काम आहे का’ विचारलं की ते अक्षरशः खुर्ची पुढे करतात.

दुसरं म्हणजे तू ऑडिशनच्या दाराने गेलीस. ते दार नटांचं. नाटकाला नेपथ्य लागतं, कपडेपट लागतो, संगीताची बटणं दाबायला कोणी लागतं, तिकिटांच्या टेबलावर कोणी लागतं आणि कोणाची एन्ट्री आली हे विंगेत उभं राहून ओरडल्याशिवाय सांगणारं कोणी लागतं. यातल्या एकाही कामाला ऑडिशन नसते.

आणि संख्याशास्त्रवाल्या मुलीला मी तर सोडलंच नसतं. क्यू शीट कधी पाहिली आहेस? कोणत्या क्षणी कोणता दिवा कसा बदलायचा याचा तक्ता असतो नुसता, त्यातला प्रत्येक बदल म्हणजे एक क्यू. क्यू २३: दार आपटल्याच्या आवाजावर, डावीकडचा निळा ४० टक्के, ५ सेकंदांत चढवायचा. क्यू २४: ‘तू परत आलास?’ या वाक्यानंतर ब्लॅकआउट, ताबडतोब. पूर्ण नाटकाला असे पन्नास, शंभर क्यू. दिग्दर्शक रंगीत तालमीत म्हणतो, ‘२३ थोडा आधी घे आणि मध्ये अजून एक घाल.’ मग तो २३-अ होतो, कारण पुढचे सगळे क्रमांक बदलले तर विंगेतल्या माणसाच्या कागदावरचं सगळं चुकतं. याला कलावंत नको, नीट तक्ता मांडणारा आणि घाई न करणारा माणूस हवा.

आता वेळेचं गणित, कारण तुझी खरी अडचण तीच आहे. जेफ्री हॉल नावाचे कॅन्सस विद्यापीठातले संशोधक आहेत. मैत्रीला किती तास लागतात याचा त्यांनी अभ्यास केला, २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि त्यातला एक भाग विद्यापीठात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांवरच होता. नुसत्या ओळखीतून बऱ्यापैकी मैत्रीकडे जायला साधारण ५० तास, मित्र म्हणावं इतपत यायला ९० आणि जिवलग व्हायला २००च्या वर. आता आठवड्याला एक तासाची बैठक असलेला क्लब घे. पन्नास तास भरेपर्यंत वर्ष संपतं! उलट प्रयोगाच्या आधीच्या एका आठवड्यातच वीस-पंचवीस तास एकत्र जातात. म्हणून सभासदांची यादी मोठी आहे की लहान हे बघू नकोस. एखादी गोष्ट सगळे मिळून ‘पूर्ण’ करतात का, ते बघ. प्रयोग, अंक, स्पर्धा, प्रदर्शन, काहीही. ज्या मंडळात नुसत्या बैठका होतात तिथे बसची बाई कायम पाहुणी राहते.

पण याच अभ्यासात एक खोच आहे. वर्गात किंवा कामावर शेजारी-शेजारी घालवलेले तास फारसे धरले जात नाहीत. मोजले जातात ते उनाडक्यांचे, गप्पांचे, एकत्र खेळण्याचे तास. म्हणजे काम संपल्यावर वायरी गुंडाळता गुंडाळता दिग्दर्शकाला नावं ठेवायची ती वीस मिनिटं तुझ्या आठवड्यातली सगळ्यात किमती. काम आटोपून लगेच पळायचं असेल तर काम होईल, माणसं मिळणार नाहीत. त्या दिवशी थोडं लवकर जाता आलं तर जा, गप्पा आधी उरकून घे.

शेवटची_बस

दादा, हे डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटायचं नाटक म्हणजे स्टेजवरचे. पण लिहायचं कसं? ‘मला काही येत नाही, काम द्या’ असं लिहिलं तर कोण विचारणार?

आणि खरं सांगायचं तर वादविवाद अजून मनातून जात नाही. बोलायची भीती वाटते म्हणूनच जावंसं वाटतं. तिथे मागच्या दाराने जाण्यासारखं काही असतं का?

वेळ_संपली

असतं की. माझं टोपणनावच त्यातून आलंय.

मी बरीच वर्षं वादविवाद स्पर्धांत परीक्षक म्हणून जाते. तू ज्या बैठकीला गेलीस तिथे बहुधा ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धत चालली असावी, विद्यापीठांत ती खूप ठिकाणी आहे. चार संघ, प्रत्येकात दोघं. दोन संघ प्रस्तावाच्या बाजूने, दोन विरोधात. विषय जाहीर झाल्यावर तयारीला १५ मिनिटं आणि प्रत्येकाला बोलायला ७. पहिलं मिनिट झालं की टेबलावर टकटक होते, तिथून सहावं मिनिट संपेपर्यंत समोरचे मध्येच उभे राहून मुद्दा मांडू शकतात. घ्यायचा की ‘नको, बसा’ म्हणायचं ते वक्ता ठरवतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा निव्वळ गोंगाट वाटतो. कोण उठतंय, का बसतंय, मध्येच टकटक कसली! त्यात तू बाजूला बसलेली. सगळं जग आपल्याला सोडून हसतंय असं वाटणारच.

ती टकटक करणारा वेळाधिकारी असतो आणि त्या कामाला माणूस कधीच मिळत नाही. घड्याळ घेऊन पुढे बस. पाच-सहा वाद ऐकशील तोवर रचना आपोआप कळते आणि सगळ्यांना तुझं नाव माहीत होतं, कारण प्रत्येक जण तुझ्याकडे बघून विचारतो, ‘किती राहिलं?’ तिथून पुढची पायरी शिकाऊ परीक्षकाची. चांगले परीक्षक तयार करायला क्लब स्वतःहून वेळ घालतात, कारण स्पर्धेला संघ पाठवायचे तर सोबत परीक्षकही पाठवा अशी अट पुष्कळ ठिकाणी असते. परीक्षकाला बोलावं लागतंच, पण निकाल समजावून सांगायला. समोर आठ जण कान टवकारून ऐकत असतात आणि मध्ये उठून प्रश्न विचारायची कोणाला मुभा नसते. भीती घालवायला याहून सोपी जागा मला तरी माहीत नाही.

त्या बाकावरच्या प्रसंगाबद्दल अजून एक. अनोळखी माणसांशी बोलून झाल्यावर आपण त्यांना कितपत आवडलो याचा आपला अंदाज खऱ्यापेक्षा कमीच निघतो, असं २०१८च्या एका मानसशास्त्रीय संशोधनात दिसलं. एकाच ठिकाणी राहणाऱ्या विद्यार्थ्यांतही हा फरक कित्येक महिने टिकून होता. तेव्हा ‘त्यांना मी नकोच होते’ हा तुझा निष्कर्ष, पण त्याला नमुना फारच लहान. संख्याशास्त्रवालीला हे मी सांगावं?

कुठेच_नव्हते

दुसरी बाजूही यावी म्हणून लिहिते. मी एकाही क्लबात नव्हते, मला पैसे लागायचे. विद्यापीठाच्याच ग्रंथालयात परतीच्या टेबलावर अर्धवेळ काम केलं. पुस्तकं लावायची, दंड सांगायचा, शिव्या खायच्या. पण कोणत्या विभागाचे लोक कधी घाबरलेले असतात, कोणते शिक्षक स्वतः दंड भरतात, शोधनिबंध कुठे सापडतात हे सगळं तिथे कळलं. पदव्युत्तरच्या मार्गदर्शक बाई मला टेबलाच्या पलीकडूनच मिळाल्या. बसवाल्यांना हे सोयीचं पडतं, कारण मधल्या मोकळ्या तासांत दोन-दोन तासांची पाळी बसवता येते. क्लब म्हणजेच विद्यार्थी जीवन असं समजायचं काही कारण नाही.

खडू_फळा

वरच्या मुद्द्याला आधार देतो. अलेक्झांडर अ‍ॅस्टिन यांनी १९८४ मध्ये विद्यार्थ्यांच्या सहभागाचा सिद्धांत मांडला, शिक्षणक्षेत्रात तो आजही वाचला जातो. सहभाग म्हणजे विद्यार्थी शरीराने आणि मनाने किती ऊर्जा घालतो ते, अशी त्यांची व्याख्या. अभ्यास, शिक्षकांशी बोलणं, क्लब, सगळं त्यात येतं. आवारातच केलेलं अर्धवेळ काम शिक्षण पूर्ण करायला पोषक ठरतं आणि बाहेरची पूर्णवेळ नोकरी मारक, हेही त्यांनी नोंदवलं होतं.

आईवडिलांना हे दाखवा हवं तर. पण पूर्ण दाखवा, कारण विद्यार्थ्याचा वेळ मर्यादित असतो आणि एकीकडे गेला की दुसरीकडून कापला जातो, हेही तिथेच आहे. मी विभागात एका मंडळाचा सल्लागार आहे. पाच ठिकाणी पद घेतलेली मुलं मार्चमध्ये माझ्यासमोर बसून रडतात. एक जागा घ्या. परीक्षेच्या महिन्यात मी नसेन हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, कोणालाही राग येत नाही. आयत्या वेळी गायब होणाऱ्याचा येतो.

दिवेवाला

सर म्हणतात ते बरोबर. ग्रंथालयवाल्या ताईंचंही. मी दिव्यांच्या प्रेमात आहे, एवढं वजा करून माझं वाच.

संदेश ग्रुपवर टाकू नकोस. तिथे ‘इंटरेस्टेड’ म्हणून हात वर करणारे शेकडो. मंडळाचे व्यवस्थापन जो बघतो, सचिव म्हण किंवा निर्मिती सूत्रधार, त्यालाच थेट पाठव. आणि ‘काही येत नाही’ हे कशाला लिहायचं, कोणी विचारलंय? असं काहीतरी लिही:

‘मी पहिल्या वर्षाला आहे, संख्याशास्त्र. येत्या प्रयोगाला बॅकस्टेज मदत करायला आवडेल. मंगळवारी आणि गुरुवारी १२ ते ३ मोकळी असते, शनिवारी दिवसभर. रात्री साडेसातला निघावं लागतं. दिवे, क्यू शीट, हिशेब, काहीही चालेल. या आठवड्यात भेटायला येऊ का?’

वेळ, दिवस, मर्यादा, सगळं आधीच सांगून टाकलं. असा संदेश आला की माणूस विचार करत बसत नाही, सरळ काम देतो. आठवड्याभरात उत्तर नाही आलं तर तालमीच्या खोलीत जाऊन उभी राहा. संदेशांना उत्तर न देणं हा नाटकवाल्यांचा स्थायीभाव आहे, त्यात वैयक्तिक काही नाही.

शेवटची_बस

संदेश पाठवला काल. उत्तर दहा मिनिटांत! ‘शनिवारी १० वाजता फोकसिंग आहे, ये. हिशेबाचं पण बोलू.’ फोकसिंग म्हणजे दिव्यांच्या दिशा लावणं ना? आणि हिशेबाचं आत्तापासूनच?

वादविवादाचं एवढ्यात नाही, सरांनी घाबरवलंय. प्रयोग झाला की घड्याळ मागायला जाईन.

दादा, फोकसिंगला काय लागतं सोबत?

दिवेवाला

हिशेबाचं आत्तापासूनच, सांगितलं होतं ना! पण आधीच्या वर्षाची शिल्लक स्वतः मोजल्याशिवाय वही हातात घेऊ नकोस.

बंद बूट घाल, सँडल नको. वर कोणी शिडीवर असेल तर त्याच्या बरोबर खाली उभी राहू नकोस, पाना पडतो. जाड सुती हातमोजे असतील तर आण. आता पुष्कळ ठिकाणी एलईडी आले, पण विद्यापीठाच्या सभागृहात जुने हॅलोजन निघण्याचीच शक्यता जास्त आणि ते चटका देतात. त्यांचा बल्ब बदलायला सांगितलं तर उघड्या बोटांनी काच धरायची नाही. बोटांचं तेल काचेला लागतं, तिथे उष्णता साठते आणि बल्ब लवकर जातो. कापडात धरून बसवायचा. हे तिथे कोणी सांगेलच असं नाही.