क्रूझवर जाऊ की जळगावात खान्देशी जेवणाचं हॉटेल टाकू?

यावलचा_पोरगा
दादा-ताई, मी हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव यावल तालुक्यात, घरी केळीची शेती. बारावीनंतर सगळे म्हणत होते फार्मसी कर, पण मला लहानपणापासून चुलीपाशीच बसायची सवय. आजी मांडे करायची तेव्हा खापराखाली काड्या सारायचं काम माझं. पुरण भरलेला गोळा ती दोन्ही हातांवर झेलत झेलत एवढा मोठा करायची की कोपरापर्यंत यायचा, मग पालथ्या खापरावर अलगद सोडायची, कधी फाटला नाही. माझ्या हातावर तिसऱ्या झेलालाच भोक पडतं. पण तेव्हापासून हेच काम करायचं ठरलं होतं.

अकरावीपासून मामासोबत लग्नाच्या ऑर्डरींना जातो, मामा आचारी आहेत, पाचशे माणसांची वरण-बट्टी नि वांग्याची घोटलेली भाजी आम्ही सहा जण काढायचो. नंतर मुंबईला एका मोठ्या हॉटेलात ट्रेनिंग. पहिला महिना नुसते कांदे-बटाटे नि वॉक-इन फ्रिज पुसणं, वर स्टायपेंड सांगितला त्याच्या अर्धाच दिला, दोनदा मागूनही मिळाला नाही, त्याचं अजून वाईट वाटतं. पण सॉस नि स्टॉक तिथेच शिकलो. एकदा स्टाफच्या जेवणाला शेवभाजी केली, कांदा आणि सुकं खोबरं थेट गॅसवर काळं भाजून, काळा मसाला आईने पाठवलेला. शेफनी वाटी परत पुढे केली तेव्हापासून डोक्यात एकच आहे, आपलं जेवण चांगल्या हॉटेलात मानाने वाढलं गेलं पाहिजे.

आता क्रूझवर कॉमीची (म्हणजे ज्युनिअर कूकची) ऑफर आलीय. वडील म्हणतात जा. काय करू?

धुळेकर_शेफ
भाऊ, मी धुळ्याचा, पुण्यात सीडीपी आहे, म्हणजे किचनच्या एका सेक्शनचा प्रमुख. कॉमी थ्री या सगळ्यात खालच्या पायरीपासून इथवर यायला मला सात वर्षं लागली, तर घाई करू नको. क्रूझचा कॉन्ट्रॅक्ट साधारण ६ ते ९ महिन्यांचा, तेवढे दिवस जवळपास सुट्टी नाही, रोज दहा-अकरा तास उभं राहायचं आणि बऱ्याचदा एकाच सेक्शनला अडकून पडतो. पण राहणं-जेवण त्यांचं, त्यामुळे पैसा साठतो, आणि हजारो लोकांचं जेवण वेळेवर कसं निघतं हे तिथे दिसतं तसं कुठे दिसत नाही. एसटीसीडब्ल्यू (जहाजावरच्या सुरक्षेचं) ट्रेनिंग नि मेडिकल वेळेत करून घे. नोकरी लावून देतो म्हणून कोणी एजंट पैसे मागितले तर एक रुपया देऊ नको, आमच्या बॅचची दोन पोरं फसलीत.

आणि हॉटेल आजच टाकायची चूक करू नको, चार वर्षं दुसऱ्याच्या किचनमध्ये फूड कॉस्ट शिक मग टाक.

भुसावळवाली_ताई
माझी बारा वर्षांपासून मेस आहे म्हणून सांगते. खान्देशी म्हटलं की लोकं भरीत मागतात. आपल्या भरताच्या वांग्याला २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं खरं पण ते वांगं थंडीतलंच, उन्हाळ्यात बियांचं नि कडसर येतं. आणि कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवर भाजलेल्याची चव गॅसवर येतच नाही, शहरात तो जाळ कुठे करशील हे आधी बघ. बाकीचे आठ महिने काय वाढणार? शेवभाजी, पाटोडीचा रस्सा, डाळगंडोरी, कळण्याची भाकरी नि ठेचा, यावर हात बसव.

आणि बाळा भाकरी ताटात गरमच पडली पाहिजे. माझ्याकडची भाकरीवाली मावशी सुट्टीवर गेली की त्या दिवशी गिऱ्हाईक अर्धं होतं, मी कितीही रस्सा चांगला करू दे. तिला पगार सगळ्यात जास्त देते. तुझ्या हॉटेलात तीच खरी शेफ, हे लक्षात ठेव.

जामनेरकर
आजी आहे ना अजून? मग क्रूझ-बिझ नंतर, आधी तिच्याकडून मांडे शिकून घे. आमच्या आईसोबत आमच्या घरचं खापर गेलं, वहिनींना येत नाही नि मलाही येत नाही. मोबाईलवर व्हिडिओ काढ, पण पीठ किती सैल ते व्हिडिओत कळत नाही, हात घालूनच कळतं.

यावलचा_पोरगा
सगळ्यांचे मनापासून आभार. क्रूझचा एक कॉन्ट्रॅक्ट करायचा असं ठरवतोय, पण जॉइनिंगच्या आधी आखाजी (अक्षय्य तृतीया) येतेय तेव्हा आठवडाभर गावी जातो, सोबत वजनकाटा नेतो, पाणी-पीठ-पुरण सगळं ग्रॅममध्ये लिहून घेईन. आजीला आत्ताच फोन केला. म्हणे ये, पीठ वस्त्रगाळ करायला जुनं धोतर धुवून ठेवते.