कोळशाच्या भेगेतील स्फटिक: नवे सेंद्रिय खनिज असू शकेल का?

गारगोटी, मुलुंड:
माझे मामेभाऊ चंद्रपूरजवळच्या एका खुल्या कोळसा खाणीत नोकरीला आहेत. दिवाळीला येताना त्यांनी खाणीची परवानगी घेऊन कोळशाचे एक ढेकूळ माझ्यासाठी आणले. त्याच्या भेगेत तांदळाच्या कणीएवढे, रंगहीन, काचेसारखे चकाकणारे स्फटिक आहेत. नखाने त्यांवर ओरखडा उठत नाही, तांब्याच्या तारेने उठतो. व्हिनेगर टाकले तरी बुडबुडे आले नाहीत आणि ढेकूळ हाताला जड लागत नाही. हे सेंद्रिय खनिज, म्हणजे सेंद्रिय (कार्बनी) संयुगाचे निसर्गात बनलेले स्फटिक, असेल का? आणि नवे असेल, तर ते कसे सिद्ध करतात?

भूस्तर, पवई:
आपली निरीक्षणे फार उपयोगाची आहेत. जिप्सम नखाने ओरखडते, कॅल्साइट व्हिनेगरमध्ये फसफसते, सिडेराइट तांब्याहून कठीण असते आणि बराइट हाताला चटकन जड लागते. त्यामुळे माझा पहिला संशय व्हेवेलाइट या सेंद्रिय खनिजावर, म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटवर आहे. अळूने घसा खवखवतो तो याच संयुगाच्या सुयांमुळे, आणि बहुतेक मुतखडेही त्याचेच असतात. जर्मनीतील फ्रायटालच्या कोळसा खाणींतून त्याचे सुंदर स्फटिक मिळालेले आहेत. एक कण स्टीलच्या जुन्या चमच्यात, खिडकी उघडी ठेवून, चमचा जेमतेम लालसर होईपर्यंत तापवा आणि थंड झाल्यावर त्यावर व्हिनेगर टाका. ऑक्झलेट असेल तर तापून त्याचे कार्बोनेट होते, आणि आधी गप्प राहिलेला कण आता फसफसतो. फार तापवू नका, नाहीतर त्याचा चुना होईल आणि बुडबुडे दिसणार नाहीत.

निळा डोंगर, वडाळा:
नव्या खनिजाविषयी थोडे लिहितो. संयुग नवे असण्याची अट नाही. ते माणसाच्या हस्तक्षेपाविना निसर्गात तयार झालेले असावे लागते. ताजिकिस्तानात रावतजवळ जमिनीखाली पेटलेल्या कोळशाच्या वाफा थिजून फेनान्थ्रीन या सेंद्रिय संयुगाचे स्फटिक झाले. रसायनशास्त्राला हा पदार्थ एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होता, तरी रावताइट हे खनिज म्हणून त्याचे वर्णन १९९३ साली प्रसिद्ध झाले. झरियात १९१६पासून कोळसा जळतो आहे, पण खाणकामाने लागलेल्या आगीतील स्फटिकांबाबत हाच माणसाच्या हाताचा प्रश्न आडवा येतो. रासायनिक घटक आणि क्ष-किरणांनी उलगडलेली अणुरचना, दोन्ही आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्रीय संघाच्या आयोगापुढे मांडावी लागतात, आणि मूळ नमुना संग्रहालयात जमा करावा लागतो.

एक कळकळीची विनंती आहे. कोळशाच्या जळत्या ढिगावरून मिळालेल्या फिकट पिवळ्या पापड्या मी एकदा प्लास्टिकच्या डबीत ठेवल्या होत्या. दोन महिन्यांनी डबीत डांबरगोळ्यांसारखा वास तेवढा उरला होता. पापड्या उडून गेल्या होत्या आणि तपासायला काहीच राहिले नव्हते. आपले ढेकूळ घट्ट बुचाच्या काचेच्या बरणीत ठेवा, आणि थर, खोली, तारीख आजच चिठ्ठीवर लिहून आत टाका.

गारगोटी, मुलुंड:
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री कण तापवला. तो पांढराफटक पडला, आणि व्हिनेगरचा थेंब पडताच त्यावर बारीक बुडबुड्यांची साय धरली. म्हणजे ऑक्झलेटच असावे. नवे नसले तरी क्ष-किरण तपासणी करून खात्री करून घेणार आहे. कोणत्या थरातून ढेकूळ काढले, हे मामेभावांना आज फोनवर विचारून चिठ्ठीत लिहिले आहे.