कमी पैशांतला थरार: 'कॅश ऑन डिमांड'

स्वस्तातल्या ब्रिटिश गुन्हेपटांत पाठलाग आणि धुकं सोडून काही नसतं, असं काहीजण म्हणतात, पण ते मला पटत नाही. हॅमर या ब्रिटिश चित्रपट कंपनीचा १९६१ चा 'कॅश ऑन डिमांड' जरूर बघा. जवळजवळ सगळा सिनेमा एका छोट्या बँकेच्या आत घडतो, नाताळ दोन दिवसांवर आलेला असताना.

पीटर कुशिंग इथे मॅनेजर आहे. शिस्तीचा, कोरडा माणूस. किरकोळ चुकीवरून जुन्या सहकाऱ्याची नोकरी घालवायला निघालेला. मग विमा कंपनीचा अधिकारी म्हणून आंद्रे मोरेल येतो आणि दार लावून शांतपणे सांगतो, तुझी बायको आणि मुलगा आमच्या ताब्यात आहेत, तिजोरी तूच उघडायची. आवाज चढवत नाही, उलट त्याच्या वागण्यात आदबच असते, आणि त्यानेच अंगावर काटा येतो. (हेच दोघे १९५९ मध्ये पडद्यावर शेरलॉक होम्स आणि वॉटसन होते!)

मूळ टीव्ही-नाटक असल्याने चार भिंती पुरल्या. कुशिंगचा चेहरा हळूहळू कसा ढासळत जातो ते बघा. पैसे चोरीला जातात की नाही यापेक्षा मला त्या माणसाचीच काळजी लागून राहिली होती.